कधी सुरू होतो, कधी नाही: लहरी डेस्कटॉपचा दोष कसा शोधायचा

अजिबात सुरू न होणारा पीसी परवडला. बटण दाबलं, काही झालं नाही, म्हणजे दोष समोर बसलेला आहे. शोधा आणि बदला. डोकं खातो तो सकाळी चार वेळा बटण दाबल्यावर पाचव्यांदा सुरू होणारा आणि मग दिवसभर मुकाट काम करणारा. दुकानात नेला की पहिल्या फटक्यात चालू. दुकानदार तुमच्याकडे बघतो, तुम्ही पीसीकडे बघता, आणि शेवटी "नवीन विंडोज टाकून देतो" यावर बोळवण होते. घरी आणला की दोन दिवसांत पुन्हा तेच.

दुकानात तो सुरू का होतो, याला कारणं असतात. रिक्षात धक्के बसून सैल रॅमची पट्टी जागेवर बसते. तिथला सॉकेट वेगळा, वायर वेगळी, यूपीएस नाही. आणि सकाळी थंड असलेला पीसी दुपारपर्यंत खोलीच्या उबेत आलेला असतो. म्हणजे दोष गेलेला नसतो, दोषाला लागणारी परिस्थिती बदललेली असते. म्हणून अशा पीसीवर आधी वही उघडायची, स्क्रूड्रायव्हर नंतर.

कोकणातल्या दमट हवेत डीटीपीच्या कामासाठी पीसी चालवताना आणि नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे दुरुस्त करताना जो क्रम कामाला येत गेला, तो इथे देतो. हा लेख असेंबल केलेल्या साध्या डेस्कटॉपसाठी आहे. कंपनीच्या तयार पीसीत पुष्कळदा एसएमपीएसचे (म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याचे) कनेक्टर वेगळ्या पिनांचे असतात, त्यांना इथले सगळे प्रयोग लागू पडतीलच असं नाही.

१. आधी काय जमवायचं

कागद: पीसीचं बिल, सुट्या भागांची बिलं असतील तर तीही, आणि मदरबोर्डचं, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाचं, मॅन्युअल. मॅन्युअल हरवलं असेल तर बोर्डावर छापलेला मॉडेल क्रमांक बघून कंपनीच्या साइटवरून पीडीएफ उतरवून घ्या. एसएमपीएस, रॅम आणि एसएसडीला बऱ्याचदा पीसीपेक्षा जास्त वर्षांची वॉरंटी असते, लोकांना ते माहीतच नसतं. मदरबोर्ड ठरावीक वर्षांनी वॉरंटीबाहेर जातो, पण त्याच बिलातला एसएमपीएस आत असू शकतो.

हत्यारं: फुलीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर (दुकानात "स्टार" म्हणून मागितला तरी तोच देतात), टॉर्च, रंगाचा मऊ कोरडा ब्रश, पांढरा खोडरबर, सीआर२०३२ नंबरचा नवा सेल, साधा डिजिटल मल्टिमीटर, आणि एक पेनड्राइव्ह.

आणि सर्वांत आधी बॅकअप. पीसी ज्या दिवशी सुरू होईल त्या दिवशी, दुसरं काही न करता, फोटो, टॅलीचा डेटा, मुलांचे प्रोजेक्ट जे असेल ते बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. वारंवार अर्ध्यात बंद पडणाऱ्या पीसीत डिस्कही मार खात असते. विंडोज ११ असेल तर ड्राइव्ह एन्क्रिप्ट झालेली आहे का तेही बघा. विंडोजच्या या कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, रिकव्हरी की सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आत्ताच कागदावर लिहून ठेवा, पुढे पाचव्या पायरीत हीच की अडवते.

२. वहीत नोंद करा

आठवडाभर, प्रत्येक वेळी सुरू करताना, एक ओळ. किती वाजता, पीसी किती तास बंद होता, मागचा मेन स्विच बंद केला होता की चालूच होता, कितव्या दाबाला सुरू झाला, आणि नाही झाला तेव्हा नेमकं काय दिसलं किंवा ऐकू आलं. "चालू होत नाही" एवढंच लिहू नका. पंखा फिरला का? दिवा लागला का? टिक असा आवाज आला का? स्क्रीनवर काही आलं का?

या नोंदींतून जे दिसतं ते कुठल्याही सॉफ्टवेअरला दिसत नाही. सकाळी पहिल्यांदा त्रास, नंतर दिवसभर ठीक, असं असेल तर पहिला संशय एसएमपीएसवर घ्या. त्यातले कॅपॅसिटर (चार्ज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे भाग) म्हातारे झाले की थंड असताना नीट काम करत नाहीत, थोडे तापले की करतात. उलट, सकाळी झटकन सुरू होतो आणि तासाभरानं रीस्टार्ट मारला की अडतो, तर उष्णता बघा: प्रोसेसरचा पंखा, त्याच्याखालचा धुळीनं बुजलेला हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा), किंवा हीटसिंक आणि प्रोसेसरमधली सुकलेली थर्मल पेस्ट. फक्त मेन स्विच रात्रभर बंद ठेवल्यावरच अडतो, तर बोर्डावरचा सेल. टेबलाला धक्का लागल्यावर किंवा कॅबिनेटवर थाप मारल्यावर सुरू होतो, तर कुठेतरी सैल जोड. आणि फक्त जून ते सप्टेंबर छळतो, तर ओल. कोकणात हा प्रकार इतका सरसकट आहे की पावसाळ्यात आलेल्या तक्रारीत मी आधी रॅम काढून पुसतो, मग पुढचं विचारतो.

३. तो नेमका कुठे थांबतो ते ओळखा

इथे दोन मिनिटं थांबून आत काय घडतं ते समजून घेतलंत तर पुढचं निम्मं काम सोपं होतं.

पीसी बंद असला तरी वायर लावलेली आहे आणि मागचा स्विच चालू आहे तोवर एसएमपीएस बोर्डाला एक बारीकसा ५ व्होल्टचा पुरवठा करत असतो. जांभळी वायर ती हीच. तुम्ही पुढचं बटण दाबता तेव्हा तुम्ही वीज चालू करत नसता. बटण फक्त बोर्डाला खूण करतं. मग बोर्ड एसएमपीएसची हिरवी वायर शून्यावर ओढतो, म्हणजे "चल, सुरू हो" असा निरोप देतो. एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे उभे करतो, ते स्थिर झाले की साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत राखाडी वायरीवरून "सगळं ठीक" असा परतीचा निरोप धाडतो. तो आल्यावरच प्रोसेसर जागा होतो. मग रॅमची तपासणी, मग ग्राफिक्स, मग स्क्रीनवर लोगो, मग डिस्कवरून विंडोज. हल्लीच्या काही एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात, तिथे रंग विसरा आणि मॅन्युअलमधली पिनांची आकृती बघा.

आता तुमचा पीसी यात कुठे अडकतो?

बटण दाबल्यावर काहीच नाही, पंखा हलतही नाही: सॉकेट, वायर, यूपीएस, बटण किंवा एसएमपीएस. बोर्डावर छोटा स्टँडबाय दिवा असेल आणि तो लागलेला असेल, तर जांभळी वायर जिवंत आहे, मग संशय बटणाकडे वळवा.

पंखा एक गिरकी घेतो आणि थांबतो, पुन्हा घेतो: कुठेतरी शॉर्ट, किंवा परतीचा निरोप न देणारा एसएमपीएस, किंवा प्रोसेसरजवळचा कनेक्टर सैल.

पंखे मजेत फिरतात, स्क्रीन काळी: बहुतेक वेळा रॅम. मग ग्राफिक्स कार्ड. मग बाकीचं.

लोगो येतो, पुढे जात नाही: डिस्क, तिची केबल, बायोसची (विंडोजआधी चालणाऱ्या, बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रॅमची) सेटिंग, किंवा विंडोज. "फॉरमॅट मारा" हा सल्ला फक्त याच एका अवस्थेत विचार करण्यासारखा आहे. लोगोच येत नसेल तर विंडोज अजून रंगमंचावर आलेलंच नसतं. ते पुन्हा टाकून काय होणार?

४. कॅबिनेट उघडण्याआधी

स्पाइक गार्ड काढा, यूपीएस काढा, पीसीची वायर थेट भिंतीतल्या चांगल्या सॉकेटमध्ये लावा आणि दोन दिवस तसाच वापरा. कंटाळवाणं आहे, पण एक्स्टेंशन बोर्डातल्या ढिल्या पट्ट्यांनी जितके पीसी "बिघडवले" तितके मदरबोर्डनं नाहीत. प्लग ओढून त्याच्या पिना बघा. एखादी काळवंडलेली असेल तर तिथे ठिणगी उडत होती.

यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. थकलेली बॅटरी असलेला यूपीएस लाइट गेल्यावर तर पीसी पाडतोच, पण काही यूपीएस लाइट असतानाही व्होल्टेज कमी-जास्त झालं की क्षणभर बॅटरीवर जायला बघतात आणि तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होतो. घरातला फ्रीज किंवा पंप सुरू होतानाच पीसी पडतो का, हे वहीत बघा.

अर्थिंग. कॅबिनेटच्या मागच्या उघड्या पत्र्याला हात लावल्यावर बोटांना मुंग्या येतात का? टेस्टर लावला तर मंद पेटतो का? मग तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत येणाऱ्या विजेचा खरखराट गाळणारे दोन छोटे कॅपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे पत्र्यावर निम्म्याच्या आसपास, म्हणजे ११५ व्होल्टच्या घरात दाब उभा राहतो. करंट अगदी किरकोळ असतो, पण पीसी विचित्र वागायला तेवढं पुरतं. हे काम इलेक्ट्रिशियनचं आहे. भिंतीच्या सॉकेटमध्ये मल्टिमीटरच्या तारा घालत बसू नका.

मग यूएसबीला लावलेलं सगळं काढा: प्रिंटर, वेबकॅम, हब, पेनड्राइव्ह. फक्त की-बोर्ड, माउस आणि मॉनिटर. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब किंवा प्रिंटर काही वेळा उलटा करंट सोडतो आणि बोर्ड अर्धवट जागा राहतो. विसरलेला पेनड्राइव्हही निष्कारण घोळ घालतो, पीसी त्याच्यावरून सुरू व्हायला बघतो आणि काळ्या स्क्रीनवर बसून राहतो.

मॉनिटरची केबल कुठे लावली आहे तेही बघून घ्या. वेगळं ग्राफिक्स कार्ड असताना केबल बोर्डाच्या पोर्टात लावली, तर पुष्कळ पीसीत डिस्प्ले येत नाही. सफाईच्या दिवसांनंतरच्या तक्रारींत हे हमखास निघतं.

५. कॅबिनेट उघडून: साफसफाई, रॅम, सेल

मागचा स्विच बंद, वायर काढलेली, आणि त्यानंतर पुढचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला चार्ज निघून जाईल. कॅबिनेटच्या रंग न लावलेल्या पत्र्याला एकदा हात लावा. कुठलीही वायर काढण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. पुढच्या बटणाच्या त्या चार-पाच बारीक वायरींचा तर अगदी जवळून काढा, नाहीतर परत लावताना घाम फुटेल.

धूळ ब्रशनं झाडा. ब्लोअर वापरणार असाल तर पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. हवेनं पंखा जोरात फिरला तर तोच जनित्र होऊन बोर्डात उलटा करंट सोडू शकतो. कोपरेही बघा. आमच्याकडे एसएमपीएसच्या जाळीमागे पालीची अंडी आणि झुरळांची वसाहत हे नवलाचं नाही, आणि ओल्या हवेत त्यांची घाण दोन पिनांमध्ये व्यवस्थित शॉर्ट करते.

आता टॉर्च घेऊन बोर्डावरचे दंडगोल कॅपॅसिटर बघा, विशेषतः प्रोसेसरभोवतीचे. माथा सपाट हवा. जरासा फुगलेला असेल किंवा माथ्यावर तपकिरी चिकट डाग असेल, तर दोष सापडला. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतले बोर्ड या दुखण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. हल्ली बोर्डावर घन प्रकारचे कॅपॅसिटर असतात, ते सहसा फुगत नाहीत, पण एसएमपीएसच्या पोटात अजून जुन्या पद्धतीचेच असतात.

मोठा २४ पिनांचा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा कनेक्टर एकेकदा काढून पुन्हा नीट बसवा. खटका बसल्याचा आवाज यायला हवा. एखाद्या पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालं असेल तर तिथे जोड सैल असल्यामुळे तापत होता.

रॅम. दोन्ही बाजूंच्या खिट्या उघडा, पट्टी कडांना धरून सरळ वर काढा आणि उजेडात तिरपी धरा. खालच्या सोनेरी दातांवर करडी, धुरकट झाक दिसेल. काही दातांवर बोटाच्या ठशासारखा डाग असतो. मऊ पांढरा खोडरबर दातांच्या लांबीच्या दिशेनं, बाहेरच्या बाजूला, तीन-चार वेळा हलकेच फिरवा. निळ्या-लाल खोडरबराची निळी बाजू नको, ती खरवडते. दातांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, म्हणून हे दर महिन्याला करायचं काम नव्हे. चुरा ब्रशनं झाडा, स्लॉटमध्येही कोरडा ब्रश मारा.

परत लावताना एकच पट्टी लावा. कुठल्या स्लॉटमध्ये ते मॅन्युअल सांगेल. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांत प्रोसेसरकडून दुसरा. दोन दिवस एका पट्टीवर, दोन दिवस दुसरीवर, नोंद चालूच. एका पट्टीवर अडतो आणि दुसरीवर नाही, तर कोण ते कळलंच. दोन्हींवर एका स्लॉटमध्ये अडतो, तर स्लॉट.

नवीन पिढीच्या डीडीआर५ रॅमच्या पीसीवाल्यांसाठी एक इशारा. रॅम बदलल्यावर किंवा बायोस पुसल्यावर पहिल्यांदा सुरू होताना हे बोर्ड रॅमशी जुळवून घ्यायला वेळ घेतात. कधी काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. लोक घाबरून बटण दाबतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. चहा करून या.

सेल. बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल ३ व्होल्टचा असतो. मल्टिमीटरवर २.८ च्या खाली गेला असेल तर बदलून टाका. पाच वर्षांहून जुना असेल तर मोजायचीही गरज नाही. तो संपत आल्याची खूण मजेशीर असते: पीसीची तारीख मागे जाते आणि ब्राउझर एकेका साइटला "ही जोडणी सुरक्षित नाही" म्हणायला लागतो. लोक इंटरनेटवाल्याला फोन करतात.

पण सेल काढण्याआधी, पीसी सुरू होईल तेव्हा डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा आणि प्रत्येक पानाचा फोटो काढा. सेल काढला की या सेटिंग पुसल्या जातात. त्यात साटा मोड (बोर्डानं डिस्कशी बोलण्याची पद्धत) बदलला तर चांगलं चालणारं विंडोज निळी स्क्रीन दाखवायला लागतं, आणि मग माणूस समजतो की आपण काहीतरी जाळलं. फोटो बघून मोड पहिल्यासारखा केला की गाडी रुळावर येते. बिटलॉकर असेल तर याच वेळी की मागितली जाते. म्हणून ती कागदावर.

६. बटणाची परीक्षा

पुढचं बटण म्हणजे एक साधा स्प्रिंगचा स्विच, आणि तो स्वस्तातला असतो. पीसी सुरू होऊन चार-पाच सेकंदांत बंद होत असेल तर बटण आत अडकून राहतंय का बघा. बटण चार सेकंद दाबून धरणं म्हणजे सक्तीनं बंद करणं, आणि अडकलेलं बटण नेमकं तेच करत असतं.

खात्री करायला सोपा उपाय: पॉवर बटणाची जोडवायर बोर्डावरून काढा आणि तिच्या दोन पिनांवर रीसेट बटणाची वायर लावा. आता रीसेटनं पीसी सुरू करा. आठवडाभर एकदाही अडला नाही, तर दोष बटणाचा. अनेकजण पुढे कायमचं रीसेटच वापरतात, काही बिघडत नाही. रीसेट बटणच अडकलेलं असेल तर पंखे फिरतात आणि स्क्रीन येत नाही, म्हणून त्याचीही वायर एकदा सोडवून बघावी.

७. एसएमपीएस

लहरी पीसीच्या प्रकरणात माझा पैजेचा घोडा नेहमी हाच. पण सिद्ध करायला तो सगळ्यांत कटकटीचा.

पहिली गोष्ट: तो उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त दाब असतो आणि वायर काढल्यावरही काही काळ टिकतो. आतला पंखा बदलायचा असला तरी कारागिराकडे द्या.

व्हिडिओंमध्ये दाखवतात तो यू-पिनेचा प्रयोग, म्हणजे हिरवी आणि एखादी काळी वायर जोडून एसएमपीएस सुटा सुरू करणं, मेलेला एसएमपीएस ओळखायला ठीक आहे. दमलेला ओळखायला उपयोगाचा नाही. भार नसताना तो छान फिरतो आणि तुम्ही त्याला निर्दोष सोडता.

त्यापेक्षा पीसी जोडलेला असतानाच मोजा. जुन्या पद्धतीचा चार पिनांचा मोलेक्स कनेक्टर सहसा रिकामा लोंबत असतो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, काळी तार काळ्या वायरीच्या भोकात, लाल तार पिवळीच्या भोकात. पिवळीवर ११.४ ते १२.६ दिसायला हवेत. मग लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५. हे मोजायचं ते सकाळी, पीसी आढेवेढे घेतो त्या वेळी. दुपारी सगळं ठीकच दिसेल. आकडा ११.२ वर डळमळत असेल तर निकाल लागला. आकडा बरोबर असेल तरी मात्र तो सुटला नाही, कारण आतली बारीक थरथर साध्या मीटरला पकडता येत नाही. तारांची टोकं दोन वायरींना एकदम टेकू देऊ नका.

सगळ्यांत भरवशाची तपासणी म्हणजे दुसरा चांगला एसएमपीएस आठवडाभर लावून बघणं. शेजाऱ्याचा, मित्राचा, दुकानदाराचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर वापरलेले मिळतात, तपासणीपुरते ते चालतात. कायमचा मात्र नवा घ्या. आणि इथे सगळ्यांत महाग पडणारा सापळा: वायरी सुट्या होणारा, म्हणजे मॉड्युलर, एसएमपीएस असेल तर जुन्या कंपनीच्या वायरी नव्याला लावू नका. कनेक्टर बसतो, पिनांची मांडणी वेगळी असते, आणि डिस्क जळते. वायरीसकट सगळं बदला.

नवा घेताना डब्यावरचा "५०० वॅट" हा आकडा बाजूला ठेवा आणि स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. १८ अँपिअर असतील तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट, आधुनिक पीसीला खरी उपयोगाची ताकद एवढीच. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या एसएमपीएसचं वजन हातात घेऊन बघा, पुढचं सांगायला नको.

८. कमीत कमी सामानावर

एवढं करूनही अडत असेल तर सगळं सोडवा: बोर्ड, प्रोसेसर आणि त्याचा पंखा, एक रॅम, एसएमपीएस. डिस्क नाही, कार्ड नाही. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसेल (इंटेलच्या नावाशेवटी एफ असेल तर नसतं) तर कार्ड ठेवावंच लागेल. बोर्डावर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्कवरून सुरू होणं) असे चार बारीक दिवे असतील तर ज्यावर अडकून राहतो तो दिवा बघा. दिवे नसतील तर छोटा स्पीकर लावा आणि बीप मोजा. बीपचा अर्थ प्रत्येक बायोसचा वेगळा असतो, तो मॅन्युअलमधूनच घ्या. मग एकेक वस्तू परत लावत जा. एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्यात आणि पीसी सुधारला, तर कशानं सुधारला ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

९. लोगोनंतर अडत असेल तर

डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल बदला. ती फुटकळ किमतीची वस्तू आहे आणि तिचं टोक ढिलं होतं. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये डिस्कची तब्येत बघा. "सावधान" दाखवत असेल किंवा हार्ड डिस्क टकटक वाजत असेल तर दुरुस्तीचा नाद सोडून आधी डेटा काढा. रॅमसाठी मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा; एकही चूक दिसली तरी पट्टी बाद.

शट डाउन केल्यावर अडतो पण रीस्टार्टला कधीच अडत नाही, असं नोंदीत दिसतंय का? विंडोज ८ पासून शट डाउन हे पूर्ण बंद करणं नसतं. फास्ट स्टार्टअपमुळे विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तिथून उचलला जातो. रीस्टार्ट मात्र सगळं नव्यानं करतो. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा आणि आठवडा बघा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदीत, "कर्नल-पॉवर ४१" ही लाल ओळ दिसली की लोक तिच्या मागे लागतात. ती एवढंच सांगते की मागच्या वेळी पीसी नीट बंद झाला नव्हता. ते तुम्हाला माहीतच होतं.

१०. दुरुस्तीला देताना

वही बरोबर न्या. "सकाळी, रात्रभर मेन बंद ठेवल्यावर, पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, दोन्ही रॅम वेगवेगळ्या लावून बघितल्या, थेट सॉकेटवरही तेच" असं सांगितलंत की समोरचा माणूस सावरून बसतो. पीसी संध्याकाळी ठेवून या आणि सकाळी दुकान उघडल्या उघडल्या पहिल्यांदा तुमच्यासमोर सुरू करायला सांगा.

डिस्क काढून घरी ठेवा. लोगोआधीच्या दोषाला ती लागत नाही. प्रत्येक भागाच्या सीरियल नंबरचा फोटो काढा, पावती लेखी घ्या, बदललेला जुना भाग परत मागा. "मदरबोर्ड गेला" असं ऐकलंत तर कशावरून, एवढंच विचारा. दुसरा एसएमपीएस आणि दुसरी रॅम लावून बघितली असेल तर म्हणणं ऐकण्यासारखं आहे. नुसतं बघून सांगितलं असेल तर दुसरं दुकान गाठा.

बोर्ड खरोखरच गेला असेल आणि पीसी जुना असेल तर त्या सॉकेटचा नवा बोर्ड मिळणं कठीण. वापरलेला घेतलात तर तो तुमच्याच बोर्डाच्या वयाचा असतो, हे धरून चाला. मी तरी तिथे पैसे घालत नाही. बोर्ड, प्रोसेसर, रॅम एकदम बदलण्याचा हिशेब मांडा, कॅबिनेट आणि एसएसडी तेच राहू शकतात. बोर्ड बदलला की विंडोजचं लायसन्स अडतं, कारण ते बोर्डाशी बांधलेलं असतं. दुकानातून स्वतंत्र विकत घेतलेलं लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून नव्या बोर्डावर नेता येतं. पीसीबरोबर आलेलं सहसा नेता येत नाही. ही जोडणी जुना बोर्ड अधूनमधून का होईना सुरू होतोय तोवरच करून घ्या.